कठीण काळात टिकून राहणं आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानही शिकलेली नाही. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं आणि ती गेल्यावर मंडळीतल्या आजारी, खचलेल्या माणसांना भेटायला जाऊ लागले. तिथे तेच तेच प्रश्न कानावर येतात. त्यातले बरेचसे कधीतरी मीही विचारले होते. मला जे सापडलं ते इथे लिहिते आहे. एकदोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

विश्वास आहे, पण उमेदच उरलेली नाही. माझ्या विश्वासात काही खोट आहे का?

हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा दमलेला असतो. बायबलमधलं ‘पहिले राजे’ हे पुस्तक, अध्याय १९ उघडून पाहा. आदल्याच अध्यायात एलीया या संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांदेखत आकाशातून अग्नी उतरताना पाहिला आहे. आणि इथे राणीच्या एका धमकीसरशी तो जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे.

यावर देव त्याला प्रवचन देत नाही. दूत येतो, हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. त्यावरही कोणी रागावत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो तेव्हा एवढंच म्हणतो, खाऊन घे, पुढची वाट तुला झेपायची नाही. होरेब डोंगर, तो मंद शांत स्वर, नवी कामगिरी हे सगळं त्यानंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर.

म्हणून विश्वास मोजायला घेण्याआधी मी समोरच्याला विचारते, सलग सहा तास झोप शेवटची कधी झाली? उत्तर आठवायला लागलं की अर्धं कोडं तिथेच सुटतं.

“धीर धर” म्हणजे नेमकं काय करायचं? गप्प बसून सोसायचं?

नव्या करारात धीरासाठी जो ग्रीक शब्द वारंवार येतो तो आहे ‘हुपोमोने’. त्याचे दोन तुकडे: ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनो’ म्हणजे राहणं, मुक्काम करणं. ओझं अंगावर असताना जागा न सोडणं. यात हसतमुख राहण्याची अट कुठेच नाही.

याकोबाच्या पत्रात (५:११) हाच शब्द ईयोबाच्या, म्हणजे मुलंबाळं, मालमत्ता, आरोग्य सगळं गमावलेल्या माणसाच्या बाबतीत वापरलाय, आणि मला तो फार दिलासा देतो. कारण ईयोबाचं पुस्तक पहिल्या दोन अध्यायांवर न थांबता पुढे वाचलं तर हा माणूस गप्प बसलेला नाही. तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे पानंच्या पानं देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, आपला खटला मांडायला न्यायासन मागतो. तरीही बायबल ज्याच्याकडे बोट दाखवून ‘याचा धीर बघा’ म्हणतं तो हाच. त्याने एकच गोष्ट केली नाही: देवाकडे पाठ फिरवून दुसरीकडे बोलायला गेला नाही. जे काही बोलला ते देवाच्या तोंडावर.

मग देवाकडे तक्रार करणं पाप नाही?

नाही. स्तोत्र १३ मध्ये दोन ओव्यांत चार वेळा ‘कोठवर?’ आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते दीडशे स्तोत्रांत जागा धरून आहे. ज्याने कोणी हा संग्रह केला त्याला ते वगळता आलं असतं. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं ओरडून म्हटलं, तीही स्तोत्र २२ ची पहिली ओळ.

आणि ईयोबाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर! (४२:७)

हे माझ्याच वाट्याला का? ही पापाची शिक्षा आहे का?

जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं: पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, यानेही नाही आणि त्यांनीही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं लूक १३ मध्ये तो उलट विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. इब्री लोकांस पत्र, अध्याय १२ मध्ये देव मुलांना शिस्त लावतो असंही आहे, ते मी लपवत नाही. पण ते माणसाने स्वतःच्या आयुष्यापुरतं, शांतपणे तपासायचं. दुसऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून ते वाचायचं नसतं.

आणि ‘का?’ हा प्रश्न उरतोच. मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही. ईयोबालाही मिळालं नाही. अध्याय ३८ ते ४१ मध्ये देव बोलतो, समुद्राबद्दल, नक्षत्रांबद्दल, डोंगरातल्या हरिणींच्या बाळंतपणाबद्दल. पण सुरुवातीला स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात ईयोबाबद्दल काय बोलणं झालं होतं ते ईयोबाला सांगत नाही. वाचकाला कळतं, ईयोबाला नाही. पहिल्यांदा मला याचा संतापच आला होता. पुढे हळूहळू लक्षात आलं की ईयोब शांत झाला तो खुलासा मिळून नव्हे, देव समोर येऊन बोलला म्हणून.

“देव आपल्याला झेपेल तेवढंच ओझं देतो” हे बायबलमध्येच आहे ना?

असं कुठेच नाही. लोक ज्या वचनाचा आधार घेतात ते १ करिंथ १०:१३, आणि त्याच्या मागेपुढे मूर्तिपूजा, कुरकूर, व्यभिचार यांची चर्चा आहे. मोहात पडायची वेळ आली की देव निसटायला वाट ठेवतो, असा त्याचा रोख आहे. संकटाच्या आणि मरणाच्या ओझ्याबद्दल हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल करिंथकरांच्याच दुसऱ्या पत्रात काय म्हणतो? आमच्या शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा सोडली (२ करिंथ १:८). म्हणजे झेपलं नाही, हे प्रेषितानेच लिहून ठेवलंय. पुढच्याच ओळीत तो म्हणतो, त्यामुळे आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकलो.

“झेपेल तेवढंच देतो” हे ऐकून न झेपणारा माणूस आणखी खचतो. कृपा करून हे कुणाला म्हणू नका.

फोनवर सकाळी वचनांची चित्रं येतात. वाचून दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. असं का?

कारण वचन त्याच्या घरातून उपटून आणलेलं असतं. सगळ्यात जास्त फिरणारी दोन घ्या.

‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत’ या अर्थाचं यिर्मया २९:११. हे एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमेतून यिर्मयाने ते बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना अर्थातच हनन्या आवडत असणार. यिर्मयाने लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या ओवीत, म्हणजे त्या चित्रातल्या वचनाच्या अगदी वरच्या ओळीत: सत्तर वर्षं. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. हे कळलं की वचन कडू लागतं थोडा वेळ. पण मग त्याला वजन येतं. लगेच सुटका होणार नाही हे माहीत असतानाही झाड लावायला सांगणारी आशा दहा मिनिटांत विरत नाही.

दुसरं, फिलिप्पै ४:१३, ‘जो मला सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मी सर्वकाही करू शकतो’. परीक्षा, सामने, मुलाखती, सगळीकडे लागू पडतं म्हणे. पौलाने हे बेड्यांत असताना लिहिलं. आधीच्या दोन ओव्या वाचा: पोटभर असणं आणि उपाशी असणं, भरपूर असणं आणि टंचाई, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. ‘शिकलो’ हा शब्द नीट बघा. म्हणजे आधी येत नव्हतं.

मनापासून प्रार्थना केली, उपास केले, तरी काहीच बदललं नाही. मग प्रार्थनेचा उपयोग काय?

गेथशेमाने बागेत येशूने तीन वेळा तेच मागणं केलं: हा प्याला टळू दे. टळला नाही. पौलाच्या शरीरात काहीतरी सलत होतं, ‘काटा’ म्हणतो तो त्याला. ते काढून टाक म्हणून त्यानेही तीन वेळा विनवलं. काढलं नाही. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढं उत्तर आलं (२ करिंथ १२). तेव्हा मनासारखं उत्तर न मिळालेल्यांत तुम्ही वाईट संगतीत नाही.

गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. मला त्या प्रसंगातलं एक फार लागतं. येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना सांगतो, माझ्याबरोबर जागे राहा. त्याला बापाजवळ बोलायचं होतं, तरीही माणसं जवळ हवी होती. आणि ती झोपली. संकटात एकटं पडणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी आपण बोलतो आहोत. आईसाठी मी बरं होण्याचीच प्रार्थना करत होते, शेवटपर्यंत. ती बरी झाली नाही. ती प्रार्थना वाया गेली का, याचं उत्तर मला देता येत नाही. मी एकटी नव्हते, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

प्रार्थनेला बसले की शब्दच सुचत नाहीत.

उसने घ्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. तेही जमत नसेल तर आंधळ्या बार्तिमयाची हाक पुरे, ‘येशू, माझ्यावर दया कर’. श्वासाबरोबर म्हणता येते, भांडी घासताना म्हणता येते. तेही नाही जमलं, तर रोमकरांस ८:२६ सांगतं की आपल्याला मागता येत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हतो. आणि मार्क २ मधला पक्षाघाती आठवा: चौघांनी छत उघडून त्याला खाली सोडलं, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. तुमच्या वतीने थोडे दिवस दुसऱ्या कुणी विश्वास ठेवला तरी चालतं.

रोजच्या रोज उमेद आणायची कुठून?

रोजच्या रोजच आणायची. साठवता येत नाही. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पाठवलेलं अन्न, मिळत होता तो त्या दिवसापुरता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्याकडे त्यात किडे पडले (निर्गम १६). शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडला तर साठा असा नाहीच. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ यातही ‘आज’ आहे.

माझं कसं होतं ते सांगते. रात्री दोनचा गजर. आईला कुशीवर वळवायचं, पाठीशी उशी लावायची, टाचांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची, कारण टाचेवर लाल डाग दिसला की दोन दिवसांत तिथे जखम होते. मग चादर ओढून सरळ करायची, सुरकुतीसुद्धा टोचते. पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या वर्षी मी त्या वेळी हिशेब करत असे: हे असं किती वर्षं? आणि त्या हिशेबाने जितकी दमायचे तितकी उचलण्याने नाही. पुढे कधीतरी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. त्यावर विलापगीत ३ मधला एकच विचार माझ्या शब्दांत: दया रोज सकाळी नवी येते. गोळ्या काढायला दार उघडलं की तो दिसायचा. चमत्कार काही झाला नाही. रोज रात्री फक्त एकच कूस बदलायची आहे, सहा वर्षांच्या कुशी आज बदलायच्या नाहीत, हे मात्र हळूहळू अंगवळणी पडलं.

विलापगीताबद्दल आणखी एक. पाच अध्याय, सगळे उद्ध्वस्त यरुशलेमेवरचे, आणि आशेच्या त्या ओळी मधोमध येतात. शेवटी नाही. त्यांच्यानंतर पुन्हा रडणं सुरू होतं आणि पुस्तक संपतं ते ‘तू आम्हाला अगदीच टाकलंस का’ अशा सुरावर. काल उभारी होती आणि आज पुन्हा कोसळलो म्हणून कालची खोटी ठरत नाही.

किती दिवस चालणार हे?

माहीत नाही. योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा तीस. मधली तेरा वर्षं. त्यातली शेवटची दोन केवळ एक माणूस त्याचं नाव घ्यायला विसरला म्हणून.

देव जवळ आहे असं जाणवतच नाही. तरी चर्चला जात राहणं ढोंग नाही का?

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. आतला अंधार त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहीत राहिल्या, आणि सकाळी उठून कामाला जात राहिल्या. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला ते निष्ठेचं सगळ्यात उघडंवाघडं रूप वाटतं. जाणवणं आपल्या हातात नसतं. जाऊन बाकावर बसणं असतं.

नवऱ्याचा मार सहन करणं हा माझा क्रूस आहे असं मला सांगितलं. हे बरोबर आहे का?

नाही, नाही आणि नाही. क्रूस म्हणजे ख्रिस्तामागे जाताना स्वतः होऊन उचललेलं दुःख. दुसऱ्याचा गुन्हा झाकणं म्हणजे क्रूस नव्हे. पौलाने फटके खाल्ले, पण दिमिष्कात (दमास्कस शहरात) जीवावर बेतलं तेव्हा तो टोपलीत बसून तटावरून खाली उतरला आणि निघून गेला. यरुशलेमेत चाबकासाठी बांधलं तेव्हा त्याने विचारलं, रोमी नागरिकाला चौकशीविना फटके मारणं कायदेशीर आहे का? पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. पळणं, कायदा दाखवणं, वर अपील करणं, तिन्ही प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहेत. आधी सुरक्षित जागी जा. क्षमेचं नंतर, आणि क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात राहायलाच हवं असंही नाही.

नैराश्यासाठी गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं का?

मधुमेहाच्या गोळ्या घेताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. पौलाच्या सोबतीला लूक वैद्य होता आणि तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला पौलाने पोटासाठी औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टरांकडे जा, गोळ्या मनाने बंद करू नका. आणि जीव नकोसा झाला असेल, काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर हे वाचणं इथेच थांबवून शेजारच्या माणसाला सांगा किंवा मदतवाहिनीला फोन करा. एलीयाच्या जवळही त्या रात्री कुणीतरी आलं होतं.

विश्वास ठेवल्यावर दुःख कमी होतं का?

मोजमाप करायचं तर होत नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. पुढच्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट रचायची असती तर इथून पुढे सगळं उजळ दाखवलं असतं. प्रत्यक्षात १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या, बायबलचं मराठी भाषांतर हातात होतं. काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.

पुनरुत्थानाची आशा ही दुःख विसरायची गोळी आहे असं मला वाटत नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. खुणा पुसून टाकणं त्याला कठीण होतं असं थोडंच आहे?

मंडळीतल्या लोकांच्या बोलण्यानेच जास्त त्रास होतो. काय करू?

मला कळतं. आईच्या खाटेपाशी उभं राहून एकाने मला सांगितलं होतं, घरात कुणीतरी कबूल न केलेलं पाप असणार. आई बोलू शकत नव्हती, पण ऐकू शकत होती. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि त्यानंतर चार महिने उपासनेला गेले नाही. असं बोलणाऱ्याला ‘हे मला नको’ म्हणायला हरकत नाही. पण सगळ्यांवर दार लावू नका. दोन माणसं निवडा, फार धार्मिक बोलणारी नकोत, वेळेवर येणारी हवीत.

आणि मी कुणाला भेटायला गेले तर काय बोलू?

ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. आठव्या दिवशी बोलायला लागले आणि बिघडलं.

जाताना ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. दमलेल्या माणसाला सांगणंही एक काम होतं. काहीतरी ठरवून जा: औषधं आणून देते, मंगळवारी दुपारी मी थांबते. त्या चार महिन्यांनंतर मंडळीतल्या एक मावशी आमच्याकडे आल्या. बायबल आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं. आईच्या टाचा बघितल्या, टॉवेल कसा गुंडाळायचा ते मला विचारून घेतलं, खुर्ची खाटेला लावली आणि म्हणाल्या, “आज दोनचा गजर माझा. तू जा, झोप.”